पेस आणि स्पीडचा हिशोब: प्लॅन सुरू करायच्या आधी काय काय करून ठेवाल

ट्रेनिंग प्लॅन हातात आला की लगेच पळायला सुटू नका, आधी अर्धा तास कागद-पेन घेऊन बसा. कारण प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं मिनिट प्रति किलोमीटर, ट्रेडमिल दाखवते ताशी किलोमीटर, बरेच प्लॅन तर मैलातच असतात आणि ट्रॅकवर गेलात की सगळा हिशोब लॅपच्या सेकंदांत. पळताना धाप लागलेली असते तेव्हा भागाकार कुणाच्याच्याने होत नाही, म्हणून हे सगळं घरीच उरकायचं.

सगळ्यात आधी प्लॅनमधला प्रत्येक पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, सेकंदांत लिहून काढा. हे मी मुद्दाम पहिलं सांगतेय कारण बहुतेक गडबड इथेच होते, ५:३० म्हणजे साडेपाच मिनिटं, ५.३० नाही. कॅल्क्युलेटरवर ६० भागिले ५.३ केलंत तर ११.३ येतं, आणि ११.३ म्हणजे ५:१८ चा पेस, दर किलोमीटरला १२ सेकंद जास्त फास्ट, आरामात पळायच्या इझी रनचा दमवणारा टेम्पो रन झाला की समजा. त्यापेक्षा ५:३० चे ३३० सेकंद करा आणि ३६०० ला ३३० ने भागा, १०.९ आलं, हेच ट्रेडमिलवर लावायचं. उलट जायचं असेल तरी तेच, ३६०० भागिले स्पीड म्हणजे पेसचे सेकंद. काही आकडे तर पाठच करून टाका: ताशी ८ म्हणजे ७:३०, ९ म्हणजे ६:४०, १० म्हणजे ६:००, १२ म्हणजे ५:००, १५ म्हणजे ४:००.

मग ट्रेडमिलची यादी वेगळी करा, स्पीड ताशी अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरने वाढवत. ही करताना एक गोष्ट लक्षात येईल की स्पीडचा अर्धा पॉइंट सगळीकडे सारखा नसतो: ८ वरून ८.५ केलंत तर पेस ७:३० वरून ७:०४ होतो म्हणजे तब्बल २६ सेकंद, पण १४ वरून १४.५ केलंत तर ४:१७ वरून ४:०८, फक्त ९ सेकंद. म्हणून जे हळू पळतात त्यांनी बटण ०.१ ने वाढवावं, ०.५ ने नाही, हे माझं ठाम मत आहे. आणि मशीन अनोळखी असेल तर ती किलोमीटर दाखवतेय की मैल ते आधी बघाच, कारण मैलवाल्या मशीनवर १० लावलं तर पट्टा ताशी १६ किलोमीटरने धावतो, ३:४४ चा पेस, सरळ पडायची वेळ येते. चढ १ टक्का ठेवायचा सल्ला सगळेच देतात, तो १९९६ च्या जोन्स आणि डाउस्ट यांच्या अभ्यासातून आलाय आणि त्यात साधारण ताशी साडेदहा ते अठराचे स्पीड होते, त्याहून हळू पळत असाल तर तो चढ लावलाच पाहिजे असं काही नाही.

मैलातला प्लॅन असेल तर एक मैल १.६०९ किलोमीटर, मैलाच्या पेसचे सेकंद ०.६२ ने गुणले की काम भागतं. ८ मिनिटांचा मैल म्हणजे ४:५८, ९ चा ५:३६, १० चा ६:१३.

ट्रॅकचा एक लॅप म्हणजे फेरी ४०० मीटरची, म्हणून किलोमीटरचा पेस गुणिले ०.४. ५:०० ला लॅप बरोब्बर २ मिनिटांचा, आणि तिथून पेसमधले दर १० सेकंद म्हणजे लॅपमधले ४ सेकंद, एवढं डोक्यात ठेवलं की कागदही लागत नाही. फक्त हे पहिल्या लेनचं गणित आहे, आठव्या लेनचा लॅप सुमारे ४५३ मीटर भरतो.

आता सरासरी, इथे नीट लक्ष द्या. इंटरव्हल, म्हणजे आलटून पालटून फास्ट आणि हळू पळायचे टप्पे, सारख्या अंतराचे असतील तर पेसची सरासरी काढा, सारख्या वेळेचे असतील तर स्पीडची. म्हणजे एक किलोमीटर ५:०० ने आणि एक ७:०० ने पळलात तर सरासरी ६:००, ठीक. पण १० मिनिटं ताशी १२ ने आणि १० मिनिटं ताशी ८ ने पळलात तर सरासरी ताशी १०, म्हणजे ६:००, आणि तिथे ५:०० आणि ७:३० ची सरासरी काढून ६:१५ लिहिलंत तर आपल्याच मेहनतीचे १५ सेकंद डायरीतून गायब.

रेसच्या टार्गेटला अंतर पूर्ण घ्या, हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर नाही, २१.०९७५. दोन तासांत हाफ करायची तर ५:४१ लागतो आणि त्यात जेमतेम ६ सेकंद हातात उरतात, ५:४२ ने पळलात तर २:००:१५, गेलं. त्यात कोर्स सगळ्यात छोट्या रेषेवरून मोजतात, आपण गर्दीतून वळणं घेत जातो, त्यामुळे वॉचवर शेवटी २१.३ सहज दिसतं, म्हणून वॉचवरचं टार्गेट ५:३८ ठेवा. पूर्ण मॅरेथॉन पाच तासांत करायची असेल तर ७:०६, त्यातही अशीच दोन-तीन सेकंदांची सूट आधीच काढून ठेवा. (२०२३ ला शिकागो मॅरेथॉन केनियाचा केल्व्हिन किप्टम २:००:३५ मध्ये पळाला, तो पेस २:५१ च्या आसपास, ताशी २१, बहुतेक जिमच्या ट्रेडमिलवर तो आकडा लागतच नाही!)

शेवटी वॉचची सेटिंग. युनिट किलोमीटर, स्क्रीनवर लॅप पेस (चालू लॅपची सरासरी), कारण त्या क्षणाचा पेस जीपीएसमुळे सारखा वरखाली उड्या मारतो, आणि रेसला ऑटो लॅप (वॉचने आपोआप लॅप मोजणं) बंद करून किलोमीटरच्या पाट्यांवर स्वतः बटण दाबा. ५, १०, १५, २० ला घड्याळात किती वाजलेले हवेत ते मनगटावर पेनाने लिहा, ५:४१ साठी २८:२५, ५६:५०, १:२५:१५ आणि १:५३:४०.