उसाचा हंगाम आणि पहाटेचं धुकं: गाडी काढताना या चुका टाळा

दिवाळी सरली की बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, चिकोडी या पट्ट्यात धुकं आणि उसाच्या ट्रॉल्या एकदमच रस्त्यावर येतात. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि पाणी पाजलेली ओली रानं, अशा रात्रीनंतर वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभेकाठच्या सखल भागात धुकं साचतंच. "सहाला निघू, तोवर उजाडेल" हा हिशेब इथे चुकतो, कारण सूर्य उगवल्यावर पुष्कळदा तासभर ते आणखी दाट होतं. दवाखाना किंवा रेल्वे गाठायची नसेल तर साडेआठनंतर निघा. पुण्याला दोन तास उशिरा पोचल्यानं कुणाचंही काही बिघडत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक वेगाची. मागचे चार किलोमीटर रस्ता मोकळा होता म्हणून पायाला तोच वेग बसलेला असतो. ओढ्याजवळचा उतार लागतो आणि गाडी तशीच धुक्यात शिरते. आजूबाजूची झाडं, घरं दिसत नसल्यामुळे ६० चा वेगही ४० सारखा वाटतो, म्हणून अंदाजावर न जाता काट्याकडे बघा. ताशी ६० ला अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यातच २५ मीटर जातात, पुढे थांबायला आणखी जवळपास तेवढेच लागतात. म्हणजे ५० मीटर, तेही रस्ता कोरडा आणि टायर चांगले असताना. ८० ला हेच अंतर ७५ मीटरच्या आसपास जातं, ४० ला २८ वर येतं. हवामान खात्याच्या भाषेत ५० मीटरच्या आतली दृश्यमानता म्हणजे अति दाट धुकं, आणि आपल्याकडे असं धुकं काही नवलाचं नाही. सोपं माप म्हणजे रस्त्याकडेचे विजेचे खांब. दोन खांबांत साधारण ५० मीटर धरा. पुढचा खांब जेमतेम दिसत असेल तर वेग ताशी ४०. तोही दिसत नसेल तर २०-२५, आणि पहिला पेट्रोल पंप किंवा धाबा आला की आत. पुढच्या एसटीचा लाल दिवा धरून मागोमाग जाणं हा काही उपाय नाही. त्या ड्रायव्हरला तरी कुठे जास्त दिसतंय?

दुसरी चूक उभ्या ट्रॉलीची. डब्बल ट्रेलर भरून निघालेल्या ट्रॅक्टरचं मागचं चाक पहाटे पाचला बसतं. ड्रायव्हर ट्रॉली निम्मी डांबरावर ठेवूनच जॅक लावतो, कारण साइडपट्टी मऊ असते आणि भरलेली ट्रॉली कलंडायची भीती असते. तिथवर त्याचं बरोबर आहे. पण पाठीमागे तो चार दगड मांडतो आणि उसाला लाल फडकं बांधतो. फडकं उजेड परतवत नाही, धुक्यात ते काळंच दिसतं. दगड मागून येणाऱ्या दुचाकीला दिसतात ते चाकाखाली आल्यावर. चाक बदलून ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि पुढच्या पहाटे दुसऱ्याच कुणाचा तरी बळी घेतात. दगड उचलून टाकायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

ट्रॉलीवाल्यांनी फळीवर लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवून अशा दोन फळ्या मागच्या दोन्ही कडांना, लोंबत्या उसाच्या खाली दिसतील अशा बांधाव्यात. एकच फळी मधोमध बांधली तर लांबून मोटारसायकल वाटते, ट्रॉलीची रुंदी कळत नाही. कारखान्यावर ट्रॉल्या बदलताना मागच्या दिव्याचा सात पिनांचा प्लग सुटतो आणि तसाच राहतो. निघताना मागे जाऊन दिवा डोळ्यांनी बघा, पट्टीवरचा चिखल पुसा. रिकामी ट्रॉली घेऊन परतताना ट्रॅक्टरच्या मागचा पांढरा दिवा बंद ठेवा, मागच्याला समोरून गाडी येतेय असं वाटतं. वाहन बंद पडलंच तर रिफ्लेक्टरचा त्रिकोण मागे शंभर पावलांवर ठेवा आणि माणसं रस्त्यापासून लांब, शेताच्या बाजूला उभी करा.

आता दिव्यांचं. अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याचे थेंब तो उजेड आपल्याच डोळ्यांत परत टाकतात. डिप्परच ठेवा. काचेवर पिवळा कागद चिकटवून धुकं भेदत नाही, फक्त उजेड कमी होतो. फॉग लॅम्पचा उपयोग होतो तो ते खाली बसवलेले असतात म्हणून, रंगामुळे नाही. नव्या गाड्यांत दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे पाहून लाइट चालू आहे असं समजू नका, बऱ्याच गाड्यांत मागचे दिवे तेव्हा बंदच असतात. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही वळताय की उभे आहात ते मागच्याला कळत नाही.

काच आतून धुरकट झाली तर हाताने पुसू नका. एसी चालू, हवा गरम, आणि हवा आत फिरवण्याचं बटण बंद. बाहेरून दव धरलं असेल तर वायपर.

दुचाकीवाल्यांनी मफलर नाकाखाली बांधावा, नाकावरून घेतला की श्वास थेट व्हायझरवर जातो. आतल्या बाजूला भांड्याच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसा आणि व्हायझर बोटभर उघडा ठेवा. हेल्मेट आरशाला अडकवून जाणाऱ्यांसाठी हे नाही, त्यांनी आधी ते डोक्यात घालावं. हातमोजे हवेतच, बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा दाबला जातो. फडातून ट्रॅक्टर डांबरी रस्त्याला चढतो तिथे टायरची माती आणि पाचट पडलेलं असतं. त्यावर दव पडलं की ते तेलासारखं निसरडं होतं. अशा जागी वेग आधीच कमी करा, मातीवर ब्रेक दाबू नका.

गोव्याला भाजी नेणाऱ्यांनी कणकुंबी-चोर्ल्याच्या वळणांवर ओव्हरटेक करायचाच नाही. जांबोटीच्या पुढे रेंज मिळेल असं धरू नका, घरी निघाल्याची वेळ सांगून ठेवा.

आणि धडक झालीच तर गाडीत बसून किंवा रस्त्यावर उभं राहून भांडू नका, मागून दुसरी गाडी येतच असते. चालता येणाऱ्या सगळ्यांनी आधी रस्ता सोडून शेतात उतरा, मग ११२ लावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा चालतो, जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा वाचून सांगा.