किनाऱ्यालगत आणि गावरस्त्यांवर सायकल चालवताना या चुका टाळा

नकाशात समुद्रकाठचा रस्ता सपाट दिसतो आणि तिथेच बहुतेकांचा बेत फसतो. शहरात ६० किलोमीटर सहज मारणारा माणूस किनाऱ्यावर ८० ठरवतो, आणि पन्नाशी गाठता गाठता त्याचे पाय बोलायला लागतात. आपला सराव कमी पडला असं त्याला वाटतं. खरं तर सरावाचा दोष क्वचितच असतो. हिशेब चुकीच्या गोष्टीचा मांडलेला असतो. इथे थकवतात वारा आणि चढ, अंतराचा नंबर त्यांच्या नंतर लागतो.

चढांची बेरीज न करणं

नदी समुद्राला मिळते तिथे रस्ता खाडीच्या पातळीपर्यंत उतरतो, पूल ओलांडतो आणि पुढच्या डोंगरसोंडेवर पुन्हा चढतो. असा एक चढ जेमतेम ६० मीटर उंचीचा असतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण दिवसभरात असे १० आले की ६०० मीटर झाले, आणि एखाद्या घाटासारखी एकसलग लय धरायची सोयही नाही. त्यात प्रत्येक चढ छोटा म्हणून लोक उभं राहून जोर लावून संपवतात. पहिले तीन जमतात. चौथ्यापासून मांड्या भरून येतात.

म्हणून मार्ग ठरवताना अंतराच्या आधी एकूण चढाई बघा. जुन्या गावरस्त्यांचा चढ १० ते १२ टक्क्यांपर्यंत सहज जातो, तेव्हा मागे ३२ किंवा ३४ दात्यांचं मोठं चक्र असलेली कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) लावून घेण्यात कमीपणा मानू नका. गिअर चढ लागण्याच्या आधी बदला. पूर्ण जोर लावलेला असताना बदललात तर चेन करकरते, कधी उतरते, आणि तीही नेमकी वेग मेल्यावर, जेव्हा पाय टेकायलाही उशीर झालेला असतो.

वाऱ्याला गृहीत धरणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि त्या जागी समुद्रावरून गार हवा येते. भूगोलात शिकलेले खारे वारे ते हेच. ऊन चढलं की ते जाणवायला लागतात आणि दुपारी जोर धरतात. रात्री उलट, जमिनीकडून मतलई वारे वाहतात. ते बहुधा मंद असतात, म्हणून पहाट शांत वाटते. खारा वारा सुरू होतो किनाऱ्याला काटकोनात, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे आणि त्या भागातल्या मोठ्या वाऱ्यात मिसळून दुपारपर्यंत तिरका होत जातो. सकाळी बाजूने लागणारी झुळूक परतताना तोंडावर येते ती अशी.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुम्ही ताशी २० ने जाताय आणि समोरून ताशी २० चाच वारा आहे, तर हवेच्या दृष्टीने तुम्ही ४० ने जाताय. म्हणजे विरोध चौपट. "जाताना समोरून असला तरी येताना पाठीला असेल, फिटंफाट" हा हिशेबही खोटा आहे. ३० किलोमीटर ताशी ३० ने गेलात, तेवढेच ताशी १५ ने परतलात, तर एकूण लागले तीन तास आणि सरासरी आली २०. साडेबावीस नाही. कारण उघड आहे: समोरच्या वाऱ्यात आपण दुप्पट वेळ घालवतो.

उपाय साधा आहे, पण निघण्याआधी करायचा आहे. ताशी अंदाजात वाऱ्याची दिशा बघा, फक्त पाऊस आहे की नाही एवढंच नको. शक्य असेल तर जाताना वारा समोर घ्या, म्हणजे दमल्यावर तो पाठीशी राहील. समोरून वारा असताना वेगाचा आकडा धरून ठेवू नका, श्रम धरून ठेवा: एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. दोन गिअर हलका करा, हात हँडलच्या खालच्या वळणावर न्या, कोपर वाकवा. अंग खाली गेल्याचा फायदा महागड्या चाकांपेक्षा जास्त असतो आणि तो फुकट मिळतो.

आडवा वारा वेगळ्या प्रकारे फसवतो. त्याची ताकद एकसारखी असेल तर शरीर सवय करून घेतं. धोका असतो तो अचानक बदलाचा. कुंपण संपतं, भूशिराचं टोक येतं, पूल सुरू होतो, किंवा शेजारून मोठा ट्रक जातो आणि क्षणभर वारा अडून पुन्हा आदळतो. २०१५ च्या बेल्जियममधल्या गेंट-वेवेल्गेम सायकल शर्यतीत गेरेंट थॉमससारखा कसलेला सायकलपटू अशाच झोताने रस्त्याबाहेर फेकला गेला होता. उठून त्याने तिसरा क्रमांक मिळवला हे खरं, पण त्या रस्त्यावर उलट दिशेने गाड्या येत नव्हत्या. तुमच्या रस्त्यावर येतात. म्हणून आडव्या वाऱ्यात रस्त्याच्या अगदी कडेला चिकटू नका, हात-दीड हात जागा ठेवा. हँडल घट्ट आवळू नका. आवळलेले खांदे प्रत्येक झोत थेट पुढच्या चाकापर्यंत पोचवतात. उंच रिमची चाकं अशा दिवशी घरीच बरी.

वळणापलीकडे रस्ता मोकळाच असेल असं धरणं

गावरस्त्यावर वळणाच्या पलीकडे काहीही असू शकतं: वाहून आलेली खडी, ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल, शेण, उडून आलेली वाळू, रस्ता ओलांडणारी गुरं. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना मारा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबायची वेळ आली म्हणजे वेग आधीच जास्त होता. दिसेल तेवढ्या रस्त्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. उतार कितीही मोहाचा असो, या नियमात मी कधीच सूट देणार नाही.

रेल्वेचे रूळ, पुलाचे लोखंडी सांधे, लाकडी फळ्यांमधल्या फटी हे सगळं शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. ओलं लोखंड कमालीचं निसरडं असतं. त्यावर वळू नका, ब्रेक लावू नका. कुत्रा मागे लागला तर त्याच्याशी शर्यत लावण्यापेक्षा उतरून सायकल दोघांच्या मध्ये धरणं आणि शांतपणे चालत राहणं बहुतेक वेळा लागू पडतं. पळणाऱ्याच्या मागे धावणं ही त्याची वृत्तीच आहे.

टायर दगडासारखे फुगवणं

टायरच्या बाजूला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरा अशी ती शिफारस नव्हे. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खडा अंगावर घेतो, उसळतो, पकड सोडतो. २८ मिलिमीटरचा टायर आणि साधारण ७० किलोचा स्वार असेल तर ६५ ते ७५ पीएसआयपासून (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं एकक) सुरुवात करा, पुढे मागच्यापेक्षा थोडी कमी ठेवा. हूकलेस रिम (टायर अडकवायला आतून वळवलेली कड नसलेली) असेल तर मात्र ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, ही मर्यादा ओलांडायची नाही.

पंक्चर झालं की लोक ट्यूब काढतात, नवी घालतात आणि दोन किलोमीटरवर पुन्हा थांबतात, कारण पहिल्याचं कारण शोधलेलंच नसतं. भोक बघा, ते सगळं सांगतं. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर ट्यूब रिमवर चेपली गेली, हवा कमी होती. रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप (रिमच्या आतली भोकं झाकणारी पट्टी) सरकली आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी असेल तर पंप जोडताना ताण पडतोय. आणि बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काटा किंवा काच अजून टायरमध्येच रुतून बसलेली असू शकते. त्यासाठी एक सवय लावून घ्या: टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवा. मग ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती लांब आहे हे मोजलं की टायरवरची जागा लगेच सापडते. टायर आतून फडक्याने पुसत जा. फडकं जिथे अडकेल तिथे काटा. उघड्या बोटाने चाचपलंत तर काच बोटात जाते.

आडवाटेला दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पॅच, हातपंप आणि चेन जोडायची एक जादा कडी एवढं असलंच पाहिजे. टायर फुगवायच्या नुसत्या गॅस कार्ट्रिजवर विसंबू नका. चुकून हवा निसटली तर दुसरी संधी नसते. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण रेंज जाते ती नेमकी फाट्यावर.

गार वाटतंय म्हणून पाणी न पिणं

समुद्राच्या वाऱ्यावर घाम लगेच वाळतो, त्यामुळे तो येतच नाही असं वाटतं. वाळलेल्या घामाचे पांढरे पट्टे कपड्यांवर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. साधारणपणे तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, आणि लांब पल्ल्यात त्यात मीठ. नुसतं पाणी भरपूर पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, तेही घातकच. दीड-दोन तासांपेक्षा मोठी राईड असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या, भूक लागायची वाट न बघता.

गुडघ्याचं थोडक्यात: पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका.

परतल्यावर सायकल तशीच भिंतीला टेकवणं

किनाऱ्यावरची हवा खारट असते आणि मीठ ओलावा धरून ठेवतं. चेन एका रात्रीत तांबूस होते, केबलच्या नळीत मीठ साचून गिअर अडखळायला लागतात. त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा. जोराचा फवारा नको, तो बेअरिंगमधलं ग्रीस काढतो आणि आत पाणी घुसवतो. कोरडी पुसून चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी वरचं सगळं पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल फक्त वाळू गोळा करतं. रिमब्रेक असतील तर पॅड काढून बघा; त्यात रुतलेले चकचकीत कण टाचणीने उकरून काढा, नाहीतर तेच कण रिम खरवडत राहतात.

आवाज येत असेल तर अंदाजाने सुटे भाग बदलू नका. उभं राहून चालवल्यावर आवाज थांबला तर सीट किंवा सीटपोस्ट (सीटखालची दांडी). पॅडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येत असेल तर पॅडल, क्रँक किंवा मधलं बेअरिंग. पाय थांबवल्यावरही येतोय तर चाक. जोर लावला की चेन उडी मारत असेल तर ती मापाने तपासा: ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटला ०.५ टक्के ताणली गेली की बदला, उशीर केलात तर कॅसेटही जाते.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो सीटपोस्ट. अॅल्युमिनियमचा पोस्ट स्टील किंवा कार्बनच्या फ्रेममध्ये खाऱ्या ओलाव्यात राहिला की दोन धातूंमधल्या रासायनिक क्रियेने, कार्बन असेल तरीही, आत जाम होतो, आणि मग फ्रेमला इजा न करता काढणं अवघड होतं. उंचीची खूण टेपने करून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी पोस्ट बाहेर काढा, पुसा, आणि पुन्हा घालताना धातूच्या फ्रेमला ग्रीस, कार्बनला कार्बन पेस्ट लावा.