ड्रोन-फवारणीचा धंदा: गावाची शंका फिटेल कशी

फवारणीचा ड्रोन घेऊन पहिल्यांदा एखाद्या बांधावर उभं राहिलात की प्रश्न ठरलेला असतो: "एकराला दहा लिटर पाणी? त्यात काय भिजणार?" ज्याने आजवर पाठीवरच्या टाकीने एकरी तेरा-चौदा पंप, म्हणजे दोनशे लिटर पाणी मारलं, त्याने हे विचारलंच पाहिजे. त्याला पत्रक दाखवू नका, मोबाईलवरचा व्हिडिओ तर नकोच. त्याच्याच रानात, त्याच्याच हाताने मोजणी झाली तरच ही शंका फिटते.

पीक निवडताना घाई नको. सुरुवातीला कपाशीवरची पांढरी माशी अंगावर घेऊ नका. ती पानाच्या खालच्या बाजूला बसते आणि दाट कपाशीत खालपर्यंत थेंब पोचवणं अवघड जातं. फुलोऱ्यातली तूर घ्या. ती डोक्याच्या वर गेलेली असते, पंप घेऊन आत शिरलं की फांद्या मोडतात आणि औषध तोंडावर येतं. शेंगा पोखरणारी अळीही वरच्या फुलाशेंगांवरच असते, म्हणजे ड्रोनचे थेंब जिथे जास्त पडतात तिथेच. तणनाशकाचं काम पहिल्या हंगामात घेऊच नका. शेजाऱ्याच्या पिकावर थोडं जरी उडालं तरी धंदा तिथेच आटोपतो.

सगळ्यात मोठी चूक औषधाच्या मापात होते. शेतकरी पंपाच्या हिशोबाने बोलतो, ड्रोनचं माप एकरावर असतं. उदाहरणाला अळी मारणारं इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी (पाण्यात विरघळणारे दाणे) घ्या. तुरीला हेक्टरी २२० ग्रॅम, म्हणजे एकरी ८८ ग्रॅम. दोनशे लिटरमध्ये विभागलं तर १५ लिटरच्या पंपाला ६.६ ग्रॅम येतात. आता कुणी सवयीने "एका टाकीला एक पंपाचं माप" म्हणून ड्रोनच्या दहा लिटरच्या टाकीत ६.६ ग्रॅमच टाकले, तर एकराला मिळालं तेराव्या हिश्शाहून कमी औषध. अळी मरत नाही आणि "ड्रोनने काही होत नाही" ही बातमी आठवड्यात चार गावं फिरते. टाकीत ८८ ग्रॅमच जायला हवेत. एवढं दाट औषध पाहून "पीक करपेल" अशी भीती वाटणारच, म्हणून आदल्या दिवशी त्याच मिश्रणाने तुरीची दोन-तीन झाडं हाताच्या स्प्रेने हलकी भिजवून ठेवा आणि मालकाला दाखवा. औषध ड्रोनने मारायला चालतं का, हे लेबलवर आणि कृषी अधिकाऱ्यांकडे आधी बघून घ्या. एका बादलीत विरघळवून, फडक्यातून गाळूनच टाकीत ओता. फवाऱ्याचं तोंड (नोझल) तुंबलं की पिकात औषध न लागलेले पट्टे पडतात.

आता चाचणी. एकाच शेताचे दोन भाग करा, अर्धा पंपाने, अर्धा ड्रोनने. दिवस तोच, औषध तेच, एकरी मात्रा तीच. मालक तयार असेल तर मध्ये पिकाच्या दोन ओळी काहीच न मारता सोडा. पाणी लागलं की निळा होणारा पिवळा कागद मागवा. दोन्ही भागांत पाच-पाच झाडांवर तीन उंचींवर, शेंड्याला, मध्ये आणि खाली, कपड्याच्या चिमट्याने लावा. ओल्या हाताने धरू नका. घाम आणि दव यांनीही तो निळा पडतो. तुरीच्या फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी दव असतंच, त्यामुळे चाचणी दुपारी चारनंतर ठेवा. तोवर मधमाश्याही कमी झालेल्या असतात, आणि इमामेक्टिन त्यांना घातक आहे. वारा ताशी १० किलोमीटरच्या आत हवा, ड्रोन पिकापासून साधारण दोन मीटर वर.

पुठ्ठ्यात एक सेंटिमीटर चौकोन कापा आणि त्यातून थेंब मोजायला मालकालाच सांगा. कीटकनाशकाला चौरस सेंटिमीटरला २० ते ३० थेंब असले की पुरे. पंपाकडचा कागद पूर्ण निळा दिसेल आणि तो म्हणेल, "हे बघा, हेच भिजलं!" तेव्हा त्याला झाडाखालची माती दाखवा, पानावरून ओघळलेलं औषध तिथे गेलेलं असतं. ड्रोनकडचे खालचे कागद विरळ असतील तर ते लपवू नका. वेग कमी करा, पाणी एकरी १२ ते १५ लिटर करा आणि पुन्हा मोजा. दोन-चार कागद वाऱ्याच्या दिशेने शेजाऱ्याच्या बांधावर ५, १० आणि १५ मीटरवर लावायला विसरू नका. शेजारी तुतीची बाग असेल तर त्या बाजूला ड्रोन नकोच. रेशीमकिड्यांना एवढंसंही पुरतं.

दुसऱ्या दिवशी मालक शेतात जाईल, अळी हललेली बघेल आणि फोन करेल. हे आधीच सांगून ठेवा: इमामेक्टिनने अळीचं खाणं काही तासांत थांबतं, मरायला दोन ते चार दिवस लागतात. दोन्ही भागांतल्या काही झाडांना लाल दोरी बांधा आणि त्यांच्यावरच्या अळ्या फवारणीआधी, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी मोजून त्याच्याच वहीत लिहून घ्या.

फुकट फवारणी करू नका. फुकटचं काम गाव तमाशा म्हणून बघतं आणि विसरतं. अर्धे पैसे सातव्या दिवसाची मोजणी झाल्यावर घ्या.

दोन माणसं आधी सांभाळा. एक, कृषी सेवा केंद्रवाला, कारण उधारीवर औषध तोच देतो आणि "काय मारू?" हेही त्यालाच विचारतात, मोजणीला त्याला शेतात बोलवा. दुसरा, रोजाने फवारणारा. सगळ्यात मोठ्याने नावं ठेवणारा तोच असतो, आणि त्याची रोजी जाते हे खरंच आहे. त्याला पाणी-औषध कालवायला आणि बॅटऱ्या बदलायला रोजाने घ्या. घरच्या बायकांशी बोलताना मात्र पाण्याचा हिशोब काढू नका. २०१७ च्या खरिपात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. ड्रोनने मारताना औषध माणसाच्या अंगावर येत नाही, हे त्यांना लगेच पटतं. कालवणाऱ्याला मात्र हातमोजे आणि मास्क हवेतच, कारण तुमचं मिश्रण पंपापेक्षा कितीतरी दाट आहे.

रिमोट पायलट प्रमाणपत्र, ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि विम्याचा कागद गाडीत ठेवा, सरपंच विचारतोच. एक बॅटरी साधारण एक टाकी मारते, म्हणून चार-पाच संच आणि जनरेटर नसेल तर दिवसाला दहा एकरांपेक्षा जास्त बुकिंग घेऊ नका. कबूल केलेल्या दिवशी तुम्ही पोचला नाहीत, तर अळी तुमची वाट पाहत थांबत नाही आणि मालक पुन्हा पंप उचलतो.