वन्यजीव संशोधनासाठी अनुदान: अर्ज अंदाजपत्रकात पडतो, तिथे सांभाळा

मार्गदर्शक ठरलाय, पीएचडीची नोंदणी झालीय, हे धरून चालतो.

आधी कुठला पैसा कशासाठी, हे वेगळं करा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर (फेलोशिपवर) घर चालतं. माळावरची भटकंतीही त्यातूनच भागवायला गेलात तर दोन्हीकडे ओढाताण होते. फिल्डवर्कसाठी रफर्ड फाउंडेशन या ब्रिटनमधल्या संस्थेचं छोटं अनुदान पाहा. तिथे नुसती प्रजातींची यादी चालत नाही, संवर्धनाला उपयोग काय ते सांगावं लागतं. आयडिया वाइल्ड ही अमेरिकेतली संस्था रोख देत नाही, उपकरणं देते. परदेशी पैसा येणार असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याबद्दल विद्यापीठाच्या लेखा विभागात अर्जाआधीच विचारा.

मग विषय आवळा. ‘मराठवाड्यातील सस्तन प्राणी’ हा ग्रंथाचा विषय झाला. ‘पाटोदा तालुक्यातल्या गायरानांवर चराई वाढली की खोकडाची बिळं कुठे सरकतात’ हा अर्जाचा. (खोकड म्हणजे माळावरचा लहान कोल्हा.)

जायकवाडी, गौताळा, नायगाव, येडशी-रामलिंग अशा अभयारण्यात काम असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. तो कागद त्यांच्या नागपूरच्या कार्यालयापर्यंत जातो, म्हणून अनुदानाची वाट न पाहता आधीच टाका. विष्ठेचे नमुने उचलणार असाल तर तेही त्यातच लिहा.

आता अंदाजपत्रक. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. ‘दुप्पट मागा, अर्धं तर देतील’ असा सल्ला देणारे सिनियर प्रत्येक विभागात असतात. त्यांचं ऐकू नका. अर्ज तपासणाऱ्यांनी स्वतः रानं तुडवलेली असतात, फुगवलेला आकडा त्यांना लगेच कळतो. ‘प्रवास व इतर: ५०,०००’ अशी ओळ दिसली की पुढचं कुणी मन लावून वाचत नाही.

आकडा दिवसांतून काढा. समजा ये-जा ९० किलोमीटर, महिन्यात ८ दिवस, असे ६ महिने. म्हणजे ४८ दिवस, ४,३२० किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देत असेल तर ९६ लिटर पेट्रोल. त्याला पंपावरचा दर लावा आणि हा हिशेब अर्जात जसाच्या तसा दाखवा. पंक्चर, ऑइल यांची वेगळी ओळ करा, ‘इतर’मध्ये कोंबू नका. डीएसएलआर तर मागूच नका; बिळांच्या नोंदीला जीपीएस आणि दुर्बीण पुरते, आणि महागडा कॅमेरा पाहिला की हौस कुणाची भागतेय हा प्रश्न येतोच.

सोबतच्या माणसाची मजुरी सगळेच चुकवतात. वर्षभर एकच दर लावून मोकळे होतात. आपल्याकडे सोयाबीनच्या काढणीत मजुरी चढते, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची कितीतरी गावं ऊसतोडीला निघतात. नेमक्या तुमच्या हिवाळी सर्वेक्षणाच्या तोंडावर वाडी-तांडा ओस पडतो. म्हणून माणूस आधी ठरवा आणि काढणीच्या महिन्यांचा दर वेगळा धरा. शक्यतो मेंढपाळ गाठा. त्याला बिळं माहीत असतात, लांडगा कुठून उतरतो तेही. पण म्हणून त्याची माहिती फुकट समजू नका. त्याच्या दिवसाचे पैसे अंदाजपत्रकात हवेतच. ‘लोकसहभाग’ लिहून मजुरीची ओळ गाळणारे अर्ज मला सरळ लबाडीचे वाटतात.

हप्त्यांचंही पाहा. जायकवाडीचे हिवाळी पाहुणे पक्षी मोजायचे आणि पैसा मार्चमध्ये हातात, असं झालं तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत बसा. वेळापत्रक हंगामावरून उलटं मोजा.

शिफारसपत्रं वेळेत मागा, अर्ज शेवटच्या रात्री भरू नका.

अनुदान आलं की पावत्या जपा. पंपावरची पावती थर्मल कागदाची असते, डिकीतल्या उन्हात बघता बघता कोरी होते. घेतली की तिथेच फोटो काढा आणि तारखेवार ठेवा. खर्चाचा अहवाल मागतात तेव्हा हेच लागतं.