गाडी की विमान? दोन दिवसांच्या सहलीआधी या चुका टाळा

‘अंतर साडेचारशे किलोमीटर, शनिवार-रविवार मोकळा. गाडीने जाऊ की विमानाने?’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं, त्याला फक्त माझी मान हललेली हवी असते. मी उलट विचारतो, घराला कुलूप लावल्यापासून तिकडच्या खोलीत बॅग टेकवेपर्यंत किती तास? इथे बहुतेकांची बोलती बंद होते.

हवेतली मिनिटं मोजणं

‘विमान काय, पाऊण तासात पोचवतं.’ पाऊण तासात पोचवतं ते एका धावपट्टीवरून दुसऱ्या धावपट्टीवर. तिकिटावर छापलेली वेळसुद्धा हवेतली नसते. विमान एका गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटवर थांबलं तिथपर्यंतची ती असते, म्हणजे जमिनीवर सरपटणंही त्यात आलंच. शिवाय घर ते विमानतळ, बॅग देण्याची रांग, तपासणी, गेटवर ताटकळणं, उतरल्यावर बेल्टपाशी उभं राहणं आणि मग शहरात शिरणं. एका तासाच्या उड्डाणाला मी दारापासून दारापर्यंत पाच तास धरतो. कमी लागले तर आनंदच आहे, पण तसं क्वचितच होतं.

हे शहाणपण मला मेव्हण्याने शिकवलं, तेही न बोलता. दोन्ही कुटुंबं एकाच शहरात, एकाच हॉटेलात, दोन रात्रींसाठी जाणार होती. तो पहाटे पाचला गाडी घेऊन निघाला. मी आठला उठलो, त्याने अंधारात काढलेला रस्त्याचा फोटो बघितला आणि हसलो. आमचं उड्डाण साडेअकराचं होतं. पावणेनऊला निघालो. काउंटरवर बॅग दोन किलो जास्त भरली, म्हणून तिथेच फरशीवर ती उघडून बूट आणि जाड कपडे दुसऱ्या पिशवीत कोंबले. मागची रांग बघत होती. गेटवर गेलो तर फलकावर चाळीस मिनिटं उशीर, कारण आमचं विमान दुसऱ्याच कुठल्या शहरातून उशिरा यायचं होतं. उतरल्यावर बेल्टवर अर्धा तास गेला, टॅक्सीत त्याहून जास्त. तीन वाजता हॉटेलात शिरलो तेव्हा मेव्हणा जेवून, आंघोळ करून खालच्या सोफ्यावर पाय पसरून बसला होता. तो दीडला पोचला होता.

आता हिशेब बघा. मला लागले सव्वासहा तास, त्याला साडेआठ. कागदावर मी जिंकलो होतो, पण शनिवारची दुपार त्याच्या हाती लागली, माझ्या नाही. उड्डाण साडेअकराचं म्हटलं की सकाळ आपोआप बुडते, कारण विमान आपल्या मर्जीने निघत नाही. अर्थात साडेसातला मेव्हणा खुर्चीतच पेंगायला लागला आणि संध्याकाळ माझी झाली, हेही खरं.

तेव्हापासून मी प्रवासाचे तास मोजतच नाही. त्या शहरात जागेपणी, ताज्या डोक्याने किती तास मिळणार, तेवढेच मोजतो. दोन रात्रींच्या सहलीत ते फार तर तीस भरतात. कागदावर दोन रकाने आखतो, एक गाडीचा, एक विमानाचा, आणि ज्यात जास्त उरतात ते निवडतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोकांना तेवढाही धीर नसतो. तिकिटाच्या ॲपवर स्वस्त आकडा दिसला की बोट आधी चालतं.

विमान ठरलंच तर मी सकाळचं पहिलं घेतो. ते विमान बहुतेक वेळा रात्रभर तिथेच मुक्कामाला असतं, त्यामुळे दुसऱ्या शहराचा उशीर घेऊन येत नाही. दिवस चढतो तसा एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीच्या गळ्यात पडत जातो. बॅग फक्त हातातली. दोन दिवसांसाठी बेल्टवरून फिरणारी बॅग लागत असेल तर कपाटासमोर पुन्हा एकदा उभे राहा. आणि ‘वेब चेक-इन केलंय, पाऊण तास आधी पोचलो तरी चालतं’ म्हणणाऱ्यांनी माझ्याबरोबर प्रवास करू नये. तपासणीची रांग तुमचा बोर्डिंग पास बघून आखूड होत नाही.

नकाशातली वेळ खरी मानणं

नकाशा सात तास म्हणतो तेव्हा त्यात लघवीला थांबणं नसतं, इंधन भरणं नसतं, मागे बसलेल्या पोराची उलटी नसते. मी दर दोन तासांमागे वीस मिनिटं वाढवतो. वेळ बघायचीच तर ज्या वारी, ज्या वाजता निघणार त्या वेळेची बघा. मंगळवारी रात्री गादीवर पडून बघितलेले सात तास शुक्रवारी संध्याकाळी नऊ होतात.

किरकोळ, पण महाग पडणाऱ्या

तिकीट माणशी असतं, गाडीचा खर्च गाडीमागे. एकट्याचं आणि चौघांचं उत्तर एकच कसं येईल? गाडीच्या खर्चात फक्त इंधन धरू नका, टोल, दोन रात्रींचं पार्किंग आणि टायरची झीजही धरा.

शहराच्या मध्यात राहणार असाल तर गाडी दोन दिवस नुसती उभी राहते. काही शहरांत मध्यभागी गाडी नेण्याचेच पैसे मोजावे लागतात. सिंगापूरने ही पद्धत १९७५ साली सुरू केली, लंडनने २००३ मध्ये.

जाताना गाडीत जागा मिळाली म्हणून विमानाचं फक्त परतीचं तिकीट वापरू म्हणता? बऱ्याच कंपन्या एकत्र काढलेल्या तिकिटातला पहिला टप्पा चुकवला की पुढचा आपोआप रद्द करतात.

पॉवर बँक काउंटरवर द्यायच्या बॅगेत ठेवू नका. ती केबिनमध्येच न्यायची असते.

‘रविवारी रात्रीच निघू, रातोरात येऊ’

या वाक्याची मला चीड आहे. रविवारी पूर्ण फिरायचं, जेवून नऊला निघायचं आणि सोमवारी सकाळी कामावर हजर! मीही केलंय. बाहेरच्या रेषेवरच्या खरखरीत पट्टीवर चाक गेलं, तो घर्रर्र आवाज झाला आणि मी जागा झालो. जागा झालो म्हणजे मी झोपलो होतो, आणि ते मला कळलंच नव्हतं. शेजारी बायको गाढ झोपेत. त्या पट्टीच्या पलीकडे काय होतं ते मी उतरून बघितलं नाही.

ताशी १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ऐंशीहून जास्त मीटर गाडी बिनचालकाची. रात्री दोन ते पहाटे सहा शरीर झोप मागतंच, कितीही अनुभवी चालक असो. १९९७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या डॉसन आणि रीड यांच्या प्रयोगात, सतरा तास सलग जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखी घसरलेली दिसली. अनेक देशांत गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादाच तेवढी आहे. रविवारी सातला उठलेला माणूस मध्यरात्री बाराला तिथे पोचतो. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं यांनी पेंग दोन-चार मिनिटं दबते, जात नाही. सुरक्षित जागी थांबून कॉफी घ्या आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफीचा अंमल साधारण तेवढ्या वेळाने चढतो, म्हणजे उठताना दोन्हींचा उपयोग होतो. पण हा तात्पुरता इलाज आहे, रात्रभर चालवायचा परवाना नव्हे.

माझा परतीचा नियम साधा आहे. गाडी असेल तर रविवारी दुपारी बाराच्या आत चाकं हलली पाहिजेत, आणि ते मान्य नसेल तर गाडी न्यायचीच नाही. तीनशे किलोमीटरच्या आत मी विमानाचा विचार करत नाही. सहाशेच्या पुढे दोन दिवसांसाठी गाडी काढत नाही. मधल्या पट्ट्यात रकाने आखून बघतो. मेव्हणा अजूनही सातशेला गाडीच काढतो, पण आता सोमवारची रजा टाकून.

आणि गाडी न्यायची ठरलीच तर टायरची हवा आदल्या संध्याकाळी, गाडी बराच वेळ उभी राहून टायर गार झाल्यावर तपासा. चार चाकं बघून झाली की डिकीतली स्टेपनीही दाबून बघा. तिच्यात हवा आहे की नाही हे बहुतेकांना पंक्चर झाल्यावरच कळतं.