‘एलियन : आयसोलेशन’ कसा खेळावा

१९७९ मध्ये आलेल्या रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ चित्रपटावर आणि त्यापुढच्या मालिकेवर ज्यांचा जीव आहे, त्यांनी ‘एलियन : आयसोलेशन’ हा गेम अवश्य खेळावा. क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने तयार केलेला हा गेम २०१४ मध्ये आला आणि २०२१ पासून तो मोबाइलवरही खेळता येतो. पहिल्या चित्रपटातील घटनांनंतर १५ वर्षांनी त्या चित्रपटाची नायिका एलेन रिप्ली हिची मुलगी अमांडा आईचा माग काढत सेव्हास्टोपोल नावाच्या अंतराळ स्थानकावर येते. तिची भूमिका आपल्याला करायची असते.

मालिकेतला गोळीबाराने भरलेला दुसरा चित्रपट डोळ्यांसमोर ठेवून जो बंदूक परजत आत शिरेल, तो लवकरच हैराण होईल, कारण इथला परग्रही प्राणी कोणत्याही शस्त्राने मरत नाही. रात्रीच्या विजेवर केळीला पाणी द्यायला निघालेला रावेर-यावलकडचा शेतकरी बिबट्याच्या धास्तीने आधी कानोसा घेतो आणि मगच पाऊल टाकतो, तसेच इथे चालावे लागते. त्यासाठी चांगले हेडफोन हवेतच. वैशाखात जळगाव-भुसावळकडे कूलरशिवाय बसवत नाही आणि त्याच्या घरघरीत स्थानकाच्या छतातल्या हवेच्या झरोक्यांमधली त्या प्राण्याची सरपट ऐकू येत नाही. ज्या झरोक्यातून लाळ ठिबकत असेल, त्याच्याखालून कधीही जाऊ नये.

हातातला मोशन ट्रॅकर फक्त हालणाऱ्या गोष्टी दाखवतो. प्राणी निश्चल उभा असेल, तर पडद्यावर काहीच दिसत नाही. शिवाय प्राणी जवळ असताना ट्रॅकरचा टिकटिक आवाज त्यालाही ऐकू जातो, म्हणून तो क्षणभर उघडून दिशा पाहावी आणि लगेच खाली घ्यावा.

या प्राण्याची बुद्धी ज्या पद्धतीने रचली आहे, ती समजून घेतल्यास भीतीची जागा विचार घेतो, असे मला वाटते. गेमचा एक भाग आपण कुठे आहोत हे जाणून असतो, पण प्राण्याला तो केवळ साधारण परिसर सुचवतो. नेमका शोध प्राण्याला स्वतःच्या नजरेने आणि कानाने घ्यावा लागतो. बराच वेळ आपल्या आसपास घुटमळल्यावर त्याला पुन्हा झरोक्यात धाडले जाते. तो वर गेल्याचा आवाज आला की आपण लपलेल्या लॉकरमधून बाहेर पडून, वाकून, न धावता पुढचे दार गाठावे. लॉकरमध्येच बसून राहिल्यास तो परत येतोच. दरवेळी एकच युक्ती वापरणेही धोक्याचे, कारण गेम पुढे सरकतो तशी त्याची शोधण्याची रीत बदलत जाते.

शस्त्रधारी माणसे वाट अडवून उभी असतील, तर त्यांच्यावर गोळी झाडू नये. त्यांच्यामध्ये आवाज करणारे उपकरण फेकून आपण दडून बसावे. तो आवाज ऐकून प्राणी खाली उतरतो आणि त्यांचा समाचार घेतो. स्थानकावरच्या हल्लेखोर यंत्रमानवांसाठी विद्युत सुरुंग उपयोगी पडतो. ज्वालाफेक्या (फ्लेमथ्रोअर) हाती आल्यावर इंधन जपून वापरावे, कारण त्याने प्राणी केवळ काही काळ मागे हटतो.

प्रगती जतन करण्यासाठी भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून तीन दिवे लागेपर्यंत उभे राहावे लागते, आणि तेवढ्यात पाठीमागून झडप पडू शकते. आपल्याकडे भारनियमन असल्यामुळे संगणकाला यूपीएस जोडलेला बरा. तो नसेल तर दिसेल त्या प्रत्येक यंत्रावर नोंद करावी. कमावलेला अर्धा तास वीज जाऊन वाया गेला की गेमवरचे मनच उडते.

प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वन या गेम कन्सोलवर खेळणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. प्लेस्टेशनचा कॅमेरा किंवा एक्सबॉक्सचे किनेक्ट हे कॅमेरा-माइकचे उपकरण जोडून मायक्रोफोनची सोय चालू केली, तर खोलीतला खरा आवाजही त्या प्राण्याला ऐकू जातो. उन्हाळ्यात कूलर चालू असेपर्यंत ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद ठेवावी आणि थंडी पडल्यावर, घर निजल्यानंतर, चालू करावी.