क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटर जुळवताना

लहान प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटर (वायूच्या रेणूंना विद्युतभार देऊन, म्हणजे त्यांचे आयन करून, वस्तुमानानुसार वेगळे करणारे यंत्र) स्वतः बांधायचा असेल तर चार दांड्यांचा क्वाड्रुपोल निवडा. त्याला चुंबक लागत नाही. कोणत्या वस्तुमानाचा आयन पार जाईल हे दांड्यांवरचे व्होल्टेज ठरवते, म्हणून त्याचे नियंत्रण संगणकाकडे सहज देता येते.

स्टेनलेस स्टीलच्या ६.३५ मिमी व्यासाच्या, १२५ मिमी लांब चार दांड्या ॲल्युमिनाच्या (विद्युतरोधक सिरॅमिकच्या) कड्यांत बसवा. मधल्या पोकळीची त्रिज्या २.७७ मिमी. इथे शतांश मिलिमीटरची चूकसुद्धा शिखरे (आलेखात प्रत्येक वस्तुमानाला दिसणारे उंचवटे) पसरवते. पैसा आणि वेळ आधी याच कामावर खर्च करा. समोरासमोरच्या दांड्या जोडून घ्या. एका जोडीला धन डीसी (स्थिर व्होल्टेज), दुसरीला ऋण, आणि दोन्हींवर उलट कलेचा आरएफ (उच्च वारंवारतेचे आलटते व्होल्टेज).

२ मेगाहर्ट्झवर वस्तुमान १०० (अणुवस्तुमान एककांत) साठी प्रत्येक जोडीला, अर्थिंगच्या (जमिनीच्या) तुलनेत, सुमारे २२० व्होल्ट आरएफ (शिखरमूल्य) आणि ३७ व्होल्ट डीसी लागतो. डीसी आणि आरएफचे गुणोत्तर ०.१६८ च्या किंचित खाली ठेवा. वर गेले की काहीच पार होत नाही. नुसते गुणोत्तर कायम ठेवले तर जड शिखरे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रोग्रॅममध्ये गुणोत्तराबरोबर डीसीतून एक छोटी स्थिर वजाबाकीही ठेवा आणि दोन्ही आकडे आळीपाळीने जुळवा. डॅक (संगणकाच्या आकड्याचे व्होल्टेज करणारे सर्किट) १६ बिटांचा घ्या. १२ बिटांत २०० पर्यंतच्या पट्ट्यात एक पायरी ०.०५ ची पडते, ती जाडीभरडी वाटते.

आरएफची कॉइल तापली की शिखरे सरकतात. दांड्यांवरचा आरएफ डायोडने मोजून त्याची डॅकशी तुलना करणारे फीडबॅक सर्किट हवेच; शिवाय अर्धा तास यंत्र तापू द्या.

आतली हवा उपसायला रोटरी पंपामागून टर्बो पंप चालवा. दाब मिलिबारच्या एक लाखांशाखाली आल्याशिवाय फिलामेंट (इलेक्ट्रॉन सोडणारी तापलेली तार) आणि मल्टिप्लायर (आयनांचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) सुरू होणार नाहीत असा इंटरलॉक गेजवरून थेट रिलेने द्या, प्रोग्रॅमवर सोडू नका. मल्टिप्लायरला दोन हजार व्होल्टच्या आसपास असतात; आत हात घालण्याआधी तो डिस्चार्ज करा.

वायूचे आयन करणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ठेवा, आयनांची ५. आयन जास्त वेगाने गेले तर त्यांना आरएफची आवर्तने कमी मिळतात आणि शिखरे फाटतात.

पहिले अंशांकन हवेवरच: १८ पाणी, २८ नायट्रोजन, ३२ ऑक्सिजन, ४० आर्गॉन, ४४ कार्बन डायऑक्साइड. पंप बराच वेळ चालूनही २८ आणि ३२ सोबतच उंच राहिले, तर गळती आहे. सांध्यांवर हीलियम फुंकत ४ वर लक्ष ठेवा. ४१, ४३, ५५, ५७ ही रांग दिसली तर पंपाचे तेल आत आले आहे.